रिकामी करून नेलेली गाडी

गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या टपावर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती आणि बॉनेटवर एक कोंबडी बसली होती. कोंबडीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. कोल्हापूरहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन मी ज्या गाडीसाठी आलो होतो ती ही.

वरणगावच्या अलीकडे, केळीच्या बागांमध्ये माझ्या कॉलेजमित्राचं, मनोहरचं घर आहे. तरुणपणी त्यानं हौसेनं ही लहान गाडी घेतली होती. दिसायला बाजारहाटाची, पण पोटात अंगापेक्षा मोठं इंजिन. गाडीवेडे लोक अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. मनोहर तिला नुसतं ‘लाल’ म्हणायचा. गेली दोन वर्षं लाल शेडमध्ये होती आणि मनोहर बाजाराला जाताना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसत होता.

त्याचं कारण मला फोनवर कळलं होतं. शिरपूरचं एक लग्न उरकून तो थोरल्या बहिणीला घेऊन परत येत होता. महामार्गावर सोनगीरजवळ पुढचा ट्रक एकाएकी थांबला, आणि लाल दुभाजकावर चढली. बहिणीचं उजवं मनगट मोडलं. गाडी दुरुस्त झाली, मनगट जेमतेम बरं झालं, मनोहर मात्र पुन्हा स्टिअरिंगवर बसला नाही. ही बहीण म्हणजे अक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, आणि पुढे नवरा वारल्यावर ती इथेच राहायला आली.

तेव्हा मीच डोकं चालवलं. सोनगीरच्या पुढे माळावर एक खासगी ट्रॅक झाला आहे. तिथे नवशिक्यांसाठी दिवस ठेवतात. आपली गाडी न्यायची, शिकवणारे असतात, शर्यत नाही, समोरून वाहन नाही, गाय-म्हैस नाही. मी म्हटलं, लाल तयार करू आणि तिकडे नेऊ. मनोहर म्हणाला, “तू चालव. मी बघायला येतो.” तेवढंही मला पुरेसं होतं.

अक्कानं माझ्यासमोर शेवभाजी ठेवली. आम्हा कोल्हापूरकरांना तिखटाचा जरा माज असतो. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माज उतरला. अक्का शांतपणे म्हणाली, “पोळी घे. आज तिखट कमीच हाये.”

दुसऱ्या दिवशी लालला दोरीनं ओढत जळगावला, मनोहरच्या ओळखीच्या रमेशनानांच्या गॅरेजमध्ये नेलं. माझ्या डोक्यात तेव्हा फार थाटामाटाच्या कल्पना होत्या. गाडी खाली बसवायची, रुंद टायर घालायचे, सायलेन्सर बदलायचा. नाना चहा पीत ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, “पहिल्यांदाच नेताय ना? मग ती थांबेल एवढं आधी बघू.” ते बरोबरच होतं. नवशिक्यांच्या दिवसाचे नियमही तेच सांगतात, फक्त नियम वाचताना माझं लक्ष फोटोंकडे होतं.

ब्रेक ऑइल काढलं तर ते काळ्या चहासारखं निघालं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल प्यायलेलं ऑइल सारखे ब्रेक मारून तापलं की उकळतं. मग पॅडल पायाखाली मऊ पडतं आणि थेट तळाला जातं. ट्रॅकवर दर वळणाला जोरात ब्रेक मारायचा असतो, म्हणून ऑइल ताजं आणि चांगल्या प्रतीचं लागतं. पॅड नवे घातले, रबरी नळ्या बदलल्या. टायरची नक्षी छान शाबूत होती, पण रबर म्हातारं होऊन तडकलं होतं, तेही बदलले. इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरी घट्ट धरणारा पट्टा, चाकांचे नट, सगळं झालं. रुंद टायर आणि सायलेन्सर राहूनच गेले.

ऑइल बदलताना मनोहर वाकून काढलेल्या काळ्या ऑइलच्या बाटलीकडे बराच वेळ पाहत होता.

नवे पॅड चकतीवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग धरून पुन्हा पुन्हा ब्रेक मारावा लागतो. ते काम मी भुसावळच्या बाजूला एका रिकाम्या फाट्यावर केलं. मनोहर शेजारी होता. मी ब्रेक मारला की त्याचा उजवा पाय पायाखालचा पत्रा दाबायचा. चार-पाचदा झाल्यावर मी गाडी बाजूला घेतली.

तो म्हणाला, “शिरीष, त्या दिवशी मी ब्रेक दाबला की नाही, तेच मला आठवत नाही. पॅडल खाली गेलं म्हणून धडकलो, की पाय गेलाच नाही?”

मी म्हटलं, ऑइल बघितलंस ना तू.

“तू मित्र आहेस, म्हणून तसं म्हणतोस. माझा पायच गेला नसेल तर? अक्काला परत शेजारी कसं बसवू?”

मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि मी नेहमी जे करतो तेच केलं, म्हणजे विषय बदलला.

ट्रॅकवर जाणारी गाडी आतून रिकामी लागते. जोरात वळताना सुटी बाटलीसुद्धा पॅडलखाली येऊन अडकू शकते. आदल्या संध्याकाळी आम्ही अंगणात लाल रिकामी केली. पायपोस, छत्री, जॅक, पाना, स्टेपनी, सगळं बाहेर. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीटही काढली. अक्का ओट्यावरून बघत होती. तिला ते मुळीच पसंत नव्हतं. या घरातून कुठलीही गाडी रिकामी जात नाही. पाहुण्याची असो नाहीतर दूधवाल्याची, तिच्यात केळीची फणी तरी पडतेच, आणि गाडी परत आली की अक्का आधी डिकी उघडून बघते.

“रिकामी गाळी (गाडी) दारातून काढता का कुठी?” ती म्हणाली.

मी तिला नियम समजावले. तिनं मान हलवली. ती मान होकाराची होती असं मी धरून चाललो.

पहाटेची थंडी सोसत निघालो. गाडी मीच चालवत होतो. जळगाव मागे पडलं, एरंडोलपर्यंत लाल मस्त धावली. मग मागून ‘धप’ असा आवाज आला. वळणावर पुन्हा धप. मागचा शॉकअप गेला, असं माझं ठाम मत झालं आणि मी मनातल्या मनात रमेशनानांचा उद्धार सुरू केला. पारोळ्याला थांबून गाडीखाली आडवा झालो, चाक हलवून बघितलं, शर्टाची पाठ मातीनं भरून घेतली. काही सापडलं नाही. धुळ्यापर्यंत मी इतका रडतखडत गेलो की बसवाले हॉर्न मारून शिव्या घालत होते.

धुळे ओलांडून महामार्गावर सोनगीरचा किल्ला दिसू लागला. एका ठिकाणी मनोहर पलीकडच्या पट्ट्यातल्या दुभाजकाकडे बघत राहिला. तिथे रंग नवा होता. मी वेग आणखी कमी केला.

ट्रॅकवर आधी तपासणी असते. तपासणीला धुळ्याची एक तरुण इंजिनिअर होती, प्रज्ञा. तिनं चाकांचे नट बघितले, ब्रेकचं पॅडल दाबून बघितलं, पुढे ओढायचा हुक आहे ना ते बघितलं. मी छाती काढून उभा होतो. मग तिनं डिकी उघडली आणि स्टेपनीच्या खड्ड्यावरची फळी उचलली.

आत केळीच्या दोन फण्या होत्या, बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) स्टीलचा डबा होता, आणि भरताची हिरवी, तान्ह्या पोराएवढी वांगी. माझा शॉकअप तो हाच.

“गाडी रिकामी करून आणायची असते हे वाचलं होतं ना?” प्रज्ञानं विचारलं.

मी मनोहरकडे बोट दाखवलं. मनोहर म्हणाला, “आमच्या अक्काला रिकामी जागा दिसली.” आणि त्या सकाळी तो पहिल्यांदा हसला.

प्रज्ञानं एक वांगं हातात घेऊन वजन अजमावलं. “ही तुमच्या शेतातली? मग गाडीही तुमचीच. आणि चालवणार हे?”

“मी बघायला आलोय,” मनोहर म्हणाला.

सगळं सामान ट्रॅकवरच्या चहावाल्याकडे ठेवायला दिलं. तो जवळच्याच खेड्यातला. वांगी बघून तो हरखला. “इतला मोठला वांगा कोठला शेतस भाऊ? (एवढी मोठी वांगी कुठली?) आते भरीत करूत, बठ्ठासले पुरी जाई. (आता भरीत करू, सगळ्यांना पुरेल.)” आणि त्यानं लगेच काड्या गोळा करायला घेतल्या.

मी पहिल्या फेऱ्या मारल्या. खरं सांगतो, वळणावर माझी पुरती भंबेरी उडाली. शिकवणारे सांगत होते की नजर वळणाच्या पुढे ठेवा, आणि माझी नजर गवतावर, त्यामुळे गाडीही गवताकडे. पण लाल गुणाची. दर वेळी थांबली. परत आलो तर मनोहर कठड्याला टेकून उभा होता.

“पॅडल खाली गेलं का?” त्यानं विचारलं.

“तूच दाबून बघ.”

बंद गाडीत तो बसला. पॅडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. कडक होतं. मी दुसऱ्या बाजूला जाऊन केळं सोलायला लागलो. मान वळवली तेव्हा त्यानं माझं हेल्मेट डोक्यावर घातलं होतं आणि प्रज्ञाला बोलावत होता.

नवशिक्यांना तिथे थांबायचा सराव देतात. सरळ पट्ट्यावर वेग घ्यायचा आणि नारिंगी शंकूपाशी पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबायचा. प्रज्ञा त्याच्या शेजारी बसली; तपासणी झाल्यावर शिकवणाऱ्यांतही ती होती. पहिल्यांदा तो शंकू ओलांडून कितीतरी पुढे गेला. माझ्या घशात केळं अडकलं. दुसऱ्यांदा एक शंकू आडवा केला. तिसऱ्या वेळी लालनं नाक खाली घातलं, टायर करकरले आणि ती शंकूच्या अलीकडे उभी राहिली. तो बाहेर येईल असं मला वाटलं. तो वळून पुन्हा पट्ट्याच्या टोकाला गेला. मग पुन्हा. बाकीचे लोक भरीत खायला बसले तरी याचं चालूच होतं. शेवटी प्रज्ञानंच त्याला भुकेची आठवण करून दिली.

तो आला, माझ्याशेजारी जमिनीवर बसला. “ब्रेकवर जातोय,” तो म्हणाला. “माझा पाय जातोय रे.” भरीत त्याला खाववेना आणि मला थांबवेना. ते तिखट होतं की आणखी काही, माझे डोळे पुन्हा भरले.

परतताना मी सवयीनं उजव्या दारापाशी गेलो तर तो आत बसला होता. सोनगीरपाशी त्यानं पुढच्या ट्रकपासून एवढं अंतर ठेवलं की मधे एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट घुसला. मी चेष्टा केली. तो म्हणाला, “घुसू दे.” जळगावला रिक्षांच्या गर्दीत त्याला घाम फुटला, पण किल्ली त्यानं माझ्याकडे दिली नाही. अपघाताच्या दिवशी ब्रेक कशामुळे लागला नाही हे आम्हाला अजून माहीत नाही, कधी कळणारही नाही. त्यानं परत तो विषय काढला नाही.

दिवेलागणीला अंगणात शिरलो. अक्का ओट्यावर उभी होती. मला एकदम आठवलं की आपण तिला काहीच आणलं नाही, डिकी रिकामी आहे, आता बोलणी खावी लागणार. अक्का खाली उतरली. उजव्या दारातून उतरणाऱ्या मनोहरकडे तिनं पाहिलं, आणि डिकीकडे न जाता गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आली. मी उतरून बाजूला झालो. ती आत बसली, आणि अवघडलेला उजवा हात मांडीवर घेऊन डाव्या हातानं पट्टा ओढायला लागली. मी तो लावून दिला.

“चाल,” ती म्हणाली, “मले वरणगावले घेऊन चाल.”

मनोहर क्षणभर दाराला धरून उभा राहिला. मग बसला. गाडी हळूच मागे आली, फाटकापाशी थांबली, दोन्ही बाजूंनी रस्ता बघून निघाली.

मागची सीट आम्हीच काढली होती, त्यामुळे मला जागा नव्हती. ती सीट अजून ओट्यालगत पडली होती. मी तिच्यावर बसलो आणि दोघं परत येईपर्यंत केळी खात राहिलो.