बबिता मॅडम आणि काळी खिडकी

आर्णीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या माडीवर बबिता आडेचा कॉम्प्युटर क्लास आहे. बबिता जवळच्याच बंजारा तांड्यातली. बापानं तिला यवतमाळला ठेवून शिकवलं आणि ती परत आली ती कॉम्प्युटर शिकवायलाच. तांड्यात कुणाचा मोबाईल अडला, कुणाचं ऑनलाइन काम राहिलं, की "बबिताकडं जाय" हे ठरलेलं. तिलाही ते आवडायचं. खरं म्हणजे जरा जास्तच आवडायचं.

क्लासमध्ये तिची एक हातखंडा युक्ती होती. कमांड लिहायची काळी खिडकी उघडायची, तर बाकीचे लोक आधी ती शोधतात, मग ड्राइव्हचं नाव, फोल्डरचं नाव, त्यातल्या फोल्डरचं नाव असं टाइप करत करत हव्या त्या जागी पोचतात. बबिता हवं ते फोल्डर उघडायची. वर जिथं फोल्डरचा पत्ता दिसतो त्या पट्टीवर क्लिक करायची, तिथंच 'सीएमडी' लिहून एंटर मारायची. काळी खिडकी थेट त्याच फोल्डरात उघडायची. नव्या पोरींना तो जादूचा प्रकार वाटे. "जिथं उभे आहात तिथंच दार उघडतं," असं ती सांगायची, आणि पुढं न चुकता बजावायची, "पण खिडकीतली पहिली ओळ वाचायची. आपण कुठं उभे आहोत ते तिथं लिहिलेलं असतं."

सुनील तिच्या चुलत्याचा मुलगा, तिच्याहून लहान, कापसाचा टेम्पो चालवतो. गेल्या वर्षभर त्यानं एक काम मनावर घेतलं होतं. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांचे ढावलो तो मोबाईलवर रेकॉर्ड करत होता. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं आईच्या, बहिणींच्या गळ्यात पडून म्हणायचं रडगाणं. आताच्या मुलींना ते येत नाही. सुनीलची आई जमनी आणि तिची मोठी जाऊ हंसाबाई, बबिताच्या या दोन्ही काकूंना सगळ्यांत जास्त येत होतं. होळीच्या सुमारास हंसाबाई वारली. तिचा आवाज तेवढा सुनीलजवळ राहिला. मोबाईल भरला म्हणून त्यानं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, मोबाईलमधलं पुसलं, आणि पेनड्राइव्ह बबिताकडं आणून दिला.

"ताई, एकेक गाणं दोन-दोनदा आलं हाये. तेवढं नीट लावून दे. आपल्या तांड्यातल्या दीपालीच्या लग्नात लावाचं हाये."

बबितानं सकाळी तो लावून पाहिला, तेवढ्यात पोरी आल्या. ते फोल्डर तसंच उघडं राहिलं. त्याच्या शेजारी तिनं सरावाचं फोल्डर उघडलं, त्यात नकली फायली भरलेल्या होत्या. त्या दिवशी तिला एका झटक्यात फोल्डर रिकामं करून दाखवायचं होतं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. तिनं पट्टीवर क्लिक केलं, सीएमडी लिहिलं, एंटर मारलं. खिडकी उघडली. तिनं मान वळवून पोरींकडं पाहत, पडद्याकडं न बघताच, सगळं पुसायची कमांड लिहिली.

कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? हो की नाही?

"हे विचारतंच," ती हसून म्हणाली. "घाबरायचं नाही." आणि तिनं होकाराचं बटण दाबलं.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग बबितानं पडद्याकडं पाहिलं. सरावाच्या फायली जशाच्या तशा होत्या. तिनं क्लिक केलं होतं ते शेजारच्या पट्टीवर, आणि रिकामं झालं होतं ते सुनीलच्या गाण्यांचं फोल्डर. असं पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही, हे तिनं मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"झालं, साफ," ती म्हणाली, आणि पेनड्राइव्ह उपसून मुठीत धरला.

संध्याकाळी सुनील आला. दारात त्याची चप्पल वाजली तोपर्यंत खरं सांगायचं असंच तिच्या मनात होतं. तो समोर आल्यावर तोंडातून निघालं, "अरे, हा खराब झाला वाटते. यात काहीच दिसत नाही."

सुनील खुर्चीवर बसला. पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "माहीच चूक हाये ताई. तू कितीदा सांगतलं, असाच उपसून काढू नोको. म्या घाईत काढला असन." आणि त्यानं तो खिशात टाकला.

बबितानं होकारार्थी मान हलवली. ती हलवलेली मान तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर राखी नावाची पोरगी मागं थांबली. "मॅडम, काल ते दुसरंच फोल्डर रिकामं झालतं ना? पहिली ओळ वेगळी होती." बबिता तिच्यावर खेकसली. अभ्यासात लक्ष नाही आणि नको तिथं डोळे जातात, असं बरंच काही बोलली. राखी पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती मागच्या बाकावर बसायला लागली आणि प्रश्न विचारीनाशी झाली.

त्याच दिवशी बबिताला सुचलं, की पुसलेल्या फायली लगेच मिटत नाहीत. त्या जागेवर दुसरं काही भरलं नाही तर परत काढता येतात. तिनं घाईनं सुनीलला फोन केला. "तो पेनड्राइव्ह आण बरं. मी एकदा पाहते काही होते का."

"अवो ताई, तो तं म्या फॉरमॅट करून घेतला. टेम्पोसाठी गाणे भरले पुरे. आता मस्त चालून राह्यला."

तिनं फोन ठेवला. आदल्या संध्याकाळी खरं बोलली असती तर हंसाबाईचा आवाज बहुतेक परत आला असता. फायली चुकून गेल्या होत्या. त्या परत मिळायची वाट मात्र तिच्या खोट्यानं बंद झाली होती.

दीपालीच्या लग्नाला सगळा तांडा होता. निरोपाच्या वेळी बाया ढावलोसाठी जमल्या. सुनील पुढं आला आणि सगळ्यांसमोर आईपुढं हात जोडून म्हणाला, "याडी, मोठ्या याडीचा आवाज माह्या हातून गेला. माफ कर." बबिता तिथंच, भाताचं पातेलं धरून उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं नाही की तोंड उघडलं नाही.

जमनी स्वतः गायली. मध्येच अडली. पुढच्या ओळी हंसाबाईच म्हणायची, जमनीला त्या कधी म्हणाव्या लागल्याच नव्हत्या. ती थांबली, पदर डोळ्यांना लावला, आणि पुढचं सोडून शेवट म्हटला.

मांडव रिकामा झाल्यावर बबिता त्या दोघांपाशी गेली. सगळं सांगितलं. क्लास, टाळ्या, खोटं, मानसुद्धा.

सुनीलनं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "मी हात जोडले तवा तू तिथंच होती ना?"

"हो."

तो उठून टेम्पोकडं निघून गेला.

जमनी म्हणाली, "मले तुमच्या त्या मशीनचं काही समजत नाही. पण हा पोरगा तवापासून माह्या समोर जेवाले बसत नव्हता. काहून ते आज समजलं." तिनं बबिताला ना शिवी दिली, ना जवळ घेतलं. भांडी गोळा करायला लागली. बबिता मदतीला वाकली, तर जमनी म्हणाली, "राहू दे, मी करतो."

सोमवारी बबितानं क्लासमध्ये ते सगळ्यांना सांगितलं. राखीचं नाव घेऊन म्हणाली, "हिनं बरोबर पाहिलं होतं, आणि मी हिलाच बोलले." राखीनं वहीतून मान वर काढली नाही.

सुनीलनं पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आहे. आता आईचं, आणि इतर तांड्यांतल्या बायांचं. पावसाळ्यानंतर एकदा तो क्लासमध्ये आला. एकाच गाण्याच्या दोन ठिकाणी प्रती कशा ठेवायच्या, एवढंच विचारायला. बबितानं त्याला खुर्ची दिली, स्वतः बाजूला उभी राहिली, माऊसला हात लावला नाही. कुठं क्लिक करायचं ते नुसतं तोंडानं सांगितलं. त्यानं एकदा करून पाहिलं, मग आणखी एकदा.

"चहा घेतोस का?" तिनं विचारलं.

"नाही. जमलं मले," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.