पायाळू बाईचा मणका

चांगुणाबाई आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आली, एवढीच तिची जन्माची कमाई. पेडगाव स्टेशनापासून आत, ओढ्याकाठच्या त्या गावात दुसरं कुणी पायाळू नव्हतं. कुणाच्या कंबरेत उसण भरली, पाणी शेंदताना लचक बसली, की माणूस सकाळी उपाशीपोटी तिच्याकडं यायचं. घरात नाही, बौद्धवाड्याच्या बाहेर, बाभळीखाली. तिथं ते पालथं पडायचं आणि चांगुणाबाई काही न बोलता आपला डावा पाय त्याच्या कंबरेवर तीनदा टेकवायची. पाटील पालथे पडले, पाटलांची सून पालथी पडली. उठल्यावर जो तो म्हणायचा, हलकं वाटायलंय. मग घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचा. पाणी घेतात हे तिला ठाऊक होतं. आपण ते कधी मनावर घेतलं नाही, असं ती म्हणायची.

आणि तिचीच कंबर गेली. रोजगार हमीच्या बांधावर दगडाची पाटी घेऊन उतरताना पाय सटकला अन् ती ढुंगणावर आपटली. पायाळू बाईनं आपला पाय आपल्याच कंबरेवर कसा टेकवावा? नवऱ्यानं, सूर्यभाननं, ‘हे खूळ सोड’ म्हणून लाख सांगितलं, तरी बौद्धवाड्यातल्या बाया ऐकेनात. त्यांनी पालमकडून एक पायाळू गडी आणवला. चांगला धिप्पाड. त्यानं पाय नुसता टेकवला नाही, दोन्ही पायांनी पाठीवर उभाच राहिला. त्या दिवसापासून चांगुणाबाई सरळ अशी झोपली नाही. कापूस वेचायला गेली तर ओटी भरायच्या आत बांधावर आडवी व्हायची. पाण्याची घागर सुटली, मग जातं सुटलं, मग वेचणी सुटली.

शेवटी सूर्यभान तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. पाटलांचे धाकटे भाऊ दत्तराव त्याच गाडीत होते. त्यांना त्यांच्या अंतर्गळाचं दाखवायचं होतं. ओळखीचा कंपाउंडर गाठून त्यांनी हिचा नंबर लवकर लावून दिला आणि सोबत म्हणून मागं उभे राहिले.

डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. म्हणाला, “बाई, एक मणका पुढं सरकलाय. ऑपरेशन आहे. खुब्याच्या हाडाचा तुकडा काढायचा, मणक्यांच्या मधे बसवायचा आणि दोन मणके एकमेकांना सांधून टाकायचे. नंतर तीन-चार महिने प्लास्टरमधे पडून राहायचं. सांधलेली जागा पुन्हा वाकणार नाही. आता मला सांगा, पायाला मुंग्या येतात? बधिर होतो? चप्पल नकळत निसटते?”

चप्पल दिवाळीपासून निसटत होती. डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता. ढेकळावरून चाललं काय अन् गादीवरून चाललं काय, त्या पायाला एकच.

मागं दत्तराव खाकरले.

“न्हाई जी,” चांगुणाबाई म्हणाली. “नुस्तं दुखतंय.”

“मग घाई नाही. घरी विचार करा. पण पाय बधिर व्हायला लागला, तर एक दिवससुद्धा थांबू नका.”

ती खोटं का बोलली, हे समजायला अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा आठवावा लागतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव बौद्धांची घरं पेटली. त्या गावातही एक संध्याकाळ आली. वाड्यातली माणसं तुरीच्या रानात दडून बसली होती. तिथनं त्यांना आपापली घरं जळताना दिसत होती. जाळणारे सूर्यभानच्या दारात आले, तेव्हा त्यांच्यातलाच कुणीतरी ओरडला, “ते राहू द्या, पायाळ बाईचं हाय!” तेवढं एक घर उभं राहिलं. सकाळी राखेत उभ्या असलेल्या त्या घरात शिरताना सूर्यभानची मान जी खाली गेली, ती पुन्हा वर झाली नाही. चांगुणाबाई मात्र त्या दिवसापासून डावा पाय देव्हाऱ्यासारखा जपू लागली. नामांतराचं घोंगडं भिजत पडलं होतं. मोर्चे निघत, कधी इकडचे कधी तिकडचे. पुन्हा तशी संध्याकाळ आली आणि गावाला ठाऊक झालेलं असलं की त्या पायात आता काही राहिलं नाही, तर?

म्हणून ती कण्हत कण्हत बाभळीखाली जातच राहिली. दवाखान्यातून आल्यावर पाटलीणबाई, कस्तुराबाई, आल्या.

“चांगुणा, तुला बी डाक्टरनं कापायला सांगितलं म्हन की. दत्तूभावजी म्हनायलते.”

“सांगितलं बगा पाटलीनबाई.”

“कापून घेऊ नको माय. तुझ्या कंबरंत सुरी घातली अन् पायातला गुन गेला म्हंजी आमी कुठं जावं? आधीच माझं हे बाळंतपनापासूनचं दुखनं. हं, टेकीव.”

कस्तुराबाई पालथ्या झाल्या. चांगुणाबाईनं बाभळीच्या खोडाला धरून डावा पाय उचलला. तो मांडीपासून ओढावा लागला. खाली सोडला, तर काही लागलंच नाही. लुगडं लागलं का माती लागली? वाकून बघावं तर कंबरेतून सुरी फिरली.

“टेकला का वो?” तिनं विचारलं.

“आगं टेकला काय इचारतीस! मोडशील की मला!” कस्तुराबाई हसायला लागल्या. “जड झालाय तुझा पाय. भाकरी लय खायलीस वाटतं.”

चांगुणाबाईही हसली. घरी येऊन तिनं त्या पायाला चुलीतलं जळतं लाकूड लावून पाहिलं. कातडी भाजल्याचा वास आला, तेव्हा तिला कळलं की लाकूड लागलंय.

तिनं मग सूर्यभानला एवढंच म्हटलं, की ऑपरेशन केलेलं एखादं माणूस डोळ्यानं बघावं. सूर्यभानची चुलत बहीण सरजाबाई सेलूला जिनिंगमध्ये कामाला होती. तिचं असंच ऑपरेशन झालेलं. दोघं तिच्याकडं गेली.

सरजाबाई दारात शाळेच्या लोखंडी खुर्चीवर ताठ बसली होती, फोटो काढायला बसावं तशी. “या वयनी, या! उठून भेटले असते, पर मला उठाय-बसायला मुहूर्त लागतोय.”

“आक्का, दुखनं गेलं का?”

“निम्मं गेलं. निम्मं हितं खुब्यात येऊन बसलं, जिथनं हाड काढलं तिथं. खाली बसता येत न्हाई. भाकर थापायला वटा बांधून घेतला. परसाकडंला ह्यांनी मधी भोक पाडलेली खुर्ची करून दिली. समदी गल्ली हसती. म्हनती, सरजाबाई राजगादीवर बसली.” हसता हसता ती थांबली. “नातीला उचलता येत न्हाई बग. ती हात वर करून हुबी राहती, मंग आपली आपली निघून जाती.”

“मंग कामून केलं?”

“पाय मरायलता माझा. डाक्टर म्हनला, पाय पायजे का कंबर? म्या म्हनलं, पाय. तुझा पाय जित्ता हाय ना? मंग जाऊ नको. नुस्तं दुखत असलं तर सोस, माय. माझ्यावानी खांब होऊ नको.”

“जित्ता हाय की,” सूर्यभान कोपऱ्यातून म्हणाला. “अर्धा गाव त्याच्याखाली पालथा पडतोय. पाटलाला इचार.”

चांगुणाबाईनं डावा पाय पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. “आक्का, चिमटा घे.”

सरजाबाईला वाकता येईना. सूर्यभान उठला, खाली बसला. पायावर भाजल्याचा डाग होता. त्यानं नखं रुतवून चिमटा घेतला.

“घ्या की,” चांगुणाबाई भिंतीकडं बघत म्हणाली.

नखांचे वण पायावर उमटले होते.

“कवापासून?” सूर्यभाननं विचारलं.

“दिवाळीपासून.”

“आन् डाक्टरला?”

“दत्तराव मागं हुबे व्हते.”

सूर्यभान ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “बाबासायबांनी सांगितलं, हे समदं सोडा. तुझ्याच्यानं सुटलं न्हाई. ज्यांची जळाली, त्यांनी घरावर पत्रे घातले, पोरं शिकवले. मी आपला मान खाली घालून हिंडायलोय, त्यांच्या मेहेरबानीच्या घरात. जळालं असतं तर सुटलो असतो, चांगुणे. निदान तुझा पाय तरी राहिला असता.”

पुढच्याच गाडीनं दोघं औरंगाबादला गेली. डॉक्टरनं टाचणी घेतली, तळव्यापासून टोचत टोचत पोटरीपर्यंत आणली. ती मधेच कुठंतरी “हं” म्हणाली. डॉक्टरनं टाचणी ठेवून दिली.

“मागल्या खेपेला मी विचारलं होतं.”

“व्हय जी.”

“आता हा पाय परत येईल, असं मी म्हणणार नाही. बहुतेक नाहीच येणार. ऑपरेशन करायचं ते दुसरा जाऊ नये म्हणून. तोही राहीलच, याची खात्री नाही.”

“आन् न्हाई केलं तर?”

“तर दोन्ही. लघवीवरचा ताबासुद्धा. बाहेर बसून ठरवा. मी थोडा वेळ इथं आहे.”

व्हरांड्यात बाकडं होतं, पण तिला बसवेना. ती खांबाला धरून उभी राहिली. दोन्हीकडं नुकसानच होतं, एकीकडं जरा कमी. बाजारात सडक्या वांग्यांतून बरं वांगं काढावं तसं.

“तू सांग,” सूर्यभान म्हणाला. “मी सांगनार न्हाई. उद्या म्हनशील, ह्यांनी कापायला लावलं.”

“करा म्हनावं.”

तो हलला नाही.

“आन् तुमी गावाकडं गेलात की सांगून टाका, पाय गेला म्हनून. पाटलीनबाईला बी सांगा. उगं कुनी सकाळी येऊन बाभळीखाली बसाया नको.”

“आन् घर?”

त्याच्या तोंडून निघून गेलं. गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं, आणि तो जमिनीकडं बघत राहिला. चांगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं.

“तुमी आत जा,” ती म्हणाली. “डाक्टर उठून जातील.”