कॉम्प्युटरच्या पोटातल्या अक्षता

मंडळी, अजून धक्क्यातून सावरले नाही.

आमचा जुना कॉम्प्युटर परवापासून सुरूच होत नव्हता. बाबांनी आयुष्यभर हातमागावर विणलेल्या साड्यांच्या काठांचे नमुने फक्त त्यातच आहेत. मी सगळा राग बाबांवर काढला. "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल!"

"काहून ओरडून राहिली? मी त हातबी नाही लावला, बाई," ते म्हणाले. मी ऐकलं नाही.

आज साकोलीच्या दुकानात दुरुस्तीवाल्या भाऊंनी कॅबिनेट उघडलं आणि मी हादरले. आत कुंकू लागलेले तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी.

"ताई, यात तांदूळ कायले टाकले?"

दर दसऱ्याला हातमागासोबत कॉम्प्युटरचीही पूजा होते. त्याच्या वरच्या जाळीवर अक्षता मीच वाहते.

हार्ड डिस्क वाचली, नमुने सापडले. घरी येऊन सांगितलं, तर बाबा हसतच सुटले. "उंदरालेबी प्रसाद पायजेच ना!"

मी त्यांना चहा करून दिला, पण "चुकलं माझं" एवढं काही तोंडातून निघालं नाही. तुम्ही वडिलांना ते कसं म्हणता?