बुधवारच्या खेळाचे अप्पा

एकाच सिनेमाचा पाचवा भाग! रोजचे चारही खेळ, सलग दोन आठवडे, आणि वर वितरकाचा माणूस म्हणतो, नाही घेतलात तर पुढचा मोठा सिनेमा विसरा. म्हणजे बुधवारचा दुपारचा मराठी खेळ गेलाच. मी टॉकीजच्या कॅन्टीनमध्ये वडे तळते, मला कोण विचारणार? पण अप्पांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात लिहा म्हणालात ना, मग आधी हेच लिहिणार. अप्पांचं चांगलं सांगायचं तर ह्या खेळाशिवाय सांगता येत नाही.

अप्पा आमच्या डोंबिवलीतल्या टॉकीजचे मॅनेजर. पहिली ओळख भांडणात झाली. मी गेटबाहेर वड्यांची पाटी घेऊन बसायचे. अप्पा येऊन म्हणाले, "बाई, इथे बसू नका."

"रस्ता काय तुमच्या टॉकीजचा आहे?"

"रस्ता नाही, कॅन्टीन आहे. कॅन्टीनवाला पळालाय. आत येऊन बसा."

आधी अंगावर येणार, मग जागा देणार, अशी त्यांची तऱ्हा. पुढे माझा गुडघा धरला तेव्हा बाल्कनीजवळचं कॅन्टीन त्यांनी खाली आणवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

त्यांच्या कामाची रीत मालकांनाही कळत नसे. शुक्रवारी पहिल्या खेळाला अप्पा पडदा बघत नाहीत, इंटर्वलला माझ्या शेजारी येऊन उभे राहतात. सिनेमा जमला असेल तर घंटा वाजताच लोक अर्धा चहा टाकून आत पळतात. नसेल जमला तर तिथेच उभे राहून दुसरा वडा मागतात.

"काय मंगलताई, आज धंदा जोरात?"

"जोरात."

"मग हा काही टिकत नाही."

माझं बरं चाललं की ह्यांचा चेहरा पडतो. याला काय म्हणावं?

एकदा तेही चुकले. एका मारामारीच्या सिनेमाचे दोन भाग तुफान चालले, म्हणून तिसरा त्यांनी डोळे मिटून चारही खेळांना लावला. इंटर्वलला माणसं वडे खात राहिली, काही तर तिथूनच घरी गेली. मी म्हटलं, "अप्पा, लोक सिनेमाला कंटाळले."

"सिनेमाला नाही हो. गोष्ट दुसऱ्या भागातच संपली होती. सगळ्यांना कळलं, फक्त काढणाऱ्याला आणि मला नाही कळलं."

त्यानंतर त्यांनी बुधवारी दुपारी एक छोटा मराठी सिनेमा लावायला सुरुवात केली. वितरकाचा माणूस फोनवर हसला, "अप्पा, महिन्यात मोबाईलवर येणार तो. तिकीट कोण काढणार?" अप्पा म्हणाले, "जरा उशिरा टाका. आमच्याकडच्या बायका आधी एकमेकींना सांगतात, मग येतात. सांगायला तरी वेळ द्या." त्याने दिला. पहिल्या बुधवारी खुर्च्याच जास्त होत्या. मग शेजारच्या ठाकुर्लीच्या बायका आल्या, त्यांनी कोपरच्या आणल्या.

कोपरच्या एक आजी दर बुधवारी येतात. म्हणतात, "मुलगा म्हणाला, आई, थांब, मोबाईलवर येईल. आला ना! पण मोबाईल कुठे सुटतोय त्याच्या हातातून?" आजींना जिना चढवत नाही. खेळ सुटल्यावरच उघडायचं ते बाजूचं दार अप्पा त्यांच्यासाठी आधी उघडतात आणि हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेतात.

आता त्याच मारामारीच्या सिनेमाचा हा पाचवा भाग. तोही महिन्याभरात मोबाईलवर येणारच आहे. मग आमचा पडदा दोन आठवडे अडवायचा कशाला? अप्पाच म्हणाले होते, "त्यांना टॉकीज नकोय, जाहिरातीची भिंत हवीय." पण ह्या खेपेला ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. विचारलं तर सांगतात, "पंचाहत्तर झाली मंगलताई, आता नव्यांनी बघावं." नवे म्हणजे मालकांचे पुतणे. त्यांना चारही खेळ हवेतच. एकदा बुधवार गेला की परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

अप्पा, सत्कार रविवारी आहे. शाल घ्या, नारळ घ्या, हार घालून घ्या. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, पाय धड राहोत आणि दात माझा वडा खाण्याइतके शाबूत राहोत. हे मी मनापासून म्हणते, तुमचं उत्तर काहीही असो. पण सत्कारानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी नवं पोस्टर लागतं. आजी मला विचारतायत, त्यापुढच्या बुधवारी यायचं की नाही. गुरुवारी दुपारपर्यंत कॅन्टीनपाशी येऊन सांगा. हो किंवा नाही. पुतण्यांचं नको, तुमचं.