बाबांचा काढा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही.

तेव्हा मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळायचा. आपलं सहसा चुकत नाही, असा समज त्यातूनच झाला असावा. माझे सासरे — बाबा — एकदा कुठलंसं व्याख्यान ऐकून आले. वक्त्यांना शाल, श्रीफळ आणि मागे पडद्यावर लालभडक पेशी. तिथून बाबांनी एक शब्द आणला: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. म्हणजे शरीराला आतून चढणारा गंज. तो अर्जुनाच्या सालीने उतरतो आणि कोलेस्टेरॉलही उतरतं म्हणे. डॉक्टरांची गोळी बंद झाली, बुधवार पेठेतून साल आली आणि काढा करायचं काम — अर्थातच — माझ्याकडे आलं.

मी वाद घातला. सगळंच तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतं, असं ऐकून घेतलं. मग वाद सोडला आणि गोळी चमच्याखाली चिरडून काढ्यात ढवळायला लागले. इतक्या तुरट काढ्यात काय कळणार? काळजीपोटी केलं म्हणू? काळजी होती. पण पेला पुढे करताना गंमतही वाटायची — आणि ती जास्त होती.

रिपोर्ट उत्तम आला. बाबांनी तो तळजाईच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. गंजाबद्दल त्यात अक्षरही नव्हतं, पण बाबांना तोही उतरलेला दिसला. मी मनातल्या मनात हसले.

मग एका रविवारी पेंडसेकाका घरी आले. बाबांचे टेकडीवरचे मित्र, हृदयाचे जुने पेशंट. बाबा शेजारीच ऐटीत बसले होते.

"सूनबाई, हा काय, कशाचंही कौतुक करतो. तू शिकलेली आहेस, तू सांग. खरंच नुसत्या काढ्यानं?"

खरं सांगायला एकच तर वाक्य लागणार होतं. पण बाबांचं तोंड त्यांच्या मित्रासमोर कसं झालं असतं? आणि माझं?

"हो काका," मी म्हणाले. "फक्त निम्मा होईपर्यंत आटवायचा."

आटवायचं कशाला सांगितलं? खोटं पक्कं बसावं म्हणून.

काकांनी गोळ्या सोडल्या. त्यांना झटका आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. गोळ्या चालू असत्या तर? कुणीच सांगू शकत नाही — या वाक्याला मी कितीतरी वर्षं धरून बसले होते. आता तेही सोडलंय.

भेटायला गेलो तेव्हा काकूंनी उरलेल्या सालीची बरणी माझ्या हातात दिली.

"निम्मा आटेपर्यंत गॅसपाशी स्वतः उभे राहायचे गं, तू सांगितलंस तसं. पण तुझ्या हाताला गुण आहे. तो कुठून आणायचा?"

बाबांनी मान डोलावली. मी बरणी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सालीचा काढा केला. आणि गोळी चिरडली.