सोमलीचा चुडा आणि प्रेशरचा पट्टा

सोमलीला कॉट द्यायला सिस्टर तयार नव्हत्या. आधी दंडातला चुडा काढा, मग आत या, एवढंच त्यांचं म्हणणं. केसपेपरवर ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेराही मारून झाला होता. बाई व्हरांड्यात फरशीवर बसलेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका इस्पितळात, बाळंतपणाच्या वॉर्डात मी नवी डॉक्टर होते. सोमली लमाणी, विजापूरकडून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेली. आठवा महिना. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी ब्लडप्रेशर फार चढलं तर झटके येतात आणि आई-मूल दोघंही हातची जातात. प्रेशर मोजायचा पट्टा बांधतात कोपराच्या वर. नेमका तिथेच दोन्ही हातांत चुडा, पांढऱ्या बांगड्यांची काखेपर्यंत गच्च रांग.

एवढ्या दुखण्यात ही बाई बांगड्यांवर का अडते, याचं मला नवल वाटलं. शेजारी बसून विचारलं.

“मालक जिता हाय,” ती म्हणाली. “त्यो गेल्यावर काढायचा. आज कसा काढू?”

यात न कळण्यासारखं काय होतं? आमच्याकडे मंगळसूत्राला तरी कोण हात लावू देतं!

सिस्टर म्हणाल्या, “आवं डॉक्टर, ही लोकं झाडाखाली बाळंत होत्यात. तुमी कशाला मनाला लावून घेता?”

मग मला एक आठवलं. “सिस्टर, मागे त्या बागायतदारांच्या सुनेच्या दोन्ही दंडांत वाक्या रुतल्या होत्या. निघेनात. तेव्हा प्रेशर कसं घेतलंत?”

“पायाला पट्टा बांधून.”

“मग आज?”

“त्या घरच्या बाईचं येगळं असतंय.”

मला भयंकर राग आला. पण भांडायला वेळ नव्हता. सोमलीला कॉटवर निजवलं, पोटरीला पट्टा बांधला, घोट्याशी नाडी चाचपली. पायाचं प्रेशर हातापेक्षा थोडं जास्तच भरतं. तेवढं वजा धरलं तरी आकडा छाती दडपणारा होता. लगेच इंजेक्शन दिलं.

झटके आले नाहीत. त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली, किरकोळ पण खणखणीत आवाजाची. सोमली घरी गेली ती चुड्यासकट.

केसपेपर बंद करताना सिस्टरांनी स्वतःहून लिहिलं, ‘आता पेशंट सहकार्य करते.’ सोमली पहिल्या दिवशी होती तशीच होती. सहकार्य आम्ही करायला लागलो होतो.