उणे ठोके

मोठे काका रोज सकाळी प्रेसखाली लाकडाचा एक तुकडा ठेवून पॅडल दाबायचे. वरून लोखंड धाडकन खाली यायचं, लाकडाचा भुगा व्हायचा. "आधी हिचं पोट भरू दे," ते म्हणायचे, "मग आपण हात घालायचा."

प्रेस पत्र्याची झाकणं कापायची. ती चालवायचे माझे बाबा, काकांचे धाकटे भाऊ.

लोखंड पेलणारा बोल्ट चाळीस हजार ठोक्यांनंतर बदलावा लागे. म्हणून काकांनी हौसेने मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे इवल्याशा संगणकाचा, एक बोर्ड आणून ठोके मोजणारा डबा बनवला. चाळीस हजार झाले की मोटर आपोआप बंद. आकडा साठवायला किती जागा ठेवायची, तिथे प्रोग्राममध्ये त्यांनी 'इंट' लिहिलं. त्या बोर्डावर इंटमध्ये बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावतं. पुढच्या ठोक्याला आकडा उलटून उणे होतो आणि शून्याकडे घसरू लागतो. चाळीस हजार कधी येतच नाही.

"दादा, तुझा डबा आता उरलेले ठोके दाखवतोय," जेवताना बाबा म्हणाले. "बरं केलंस, माझं डोकं वाचलं."

"तुला डोकं आहे हे आजच कळतंय," काका म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली.

डब्यावर उणे चोवीस हजार असताना बोल्ट तुटला. बाबांचा उजवा पंजा आत होता. काकांनी पहार घालून लोखंड उचकटलं. बाबा सुटले, पंजा झाकणासारखा चपटा होऊन साच्यालाच चिकटून राहिला.

मनगटाचं बँडेज सुटायच्या आत बाबा प्रेसच्या शेडमध्ये आले. डाव्या हाताने हातोडा घेऊन त्यांनी आधी डबा फोडला, मग काकांचा खांदा. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

"मोज आता," बाबा म्हणत होते. "मोज."

काकांनी हात वर केला नाही.

खांदा जुळल्यावर त्यांनी नवा डबा बनवला. 'इंट'च्या जागी 'लाँग' लिहिलं, दोन अब्जांपर्यंत मावेल असं. प्रेसवर स्वतः बसले. बाबा समोर स्टुलावर बसून आकड्याकडे बघत राहायचे. बोलणं बंद.

एका दुपारी चाळीस हजारावर मोटर थांबली. बाबा उठले, नवा बोल्ट आणला, डाव्या हाताने जागेवर धरला. काका नट आवळायला वाकले.

त्याच संध्याकाळी काका हृदयविकाराने गेले. नट आवळताना ते बाबांना म्हणाले होते, "सरक ना रे जरा, उजेड अडवतोयस."